वालावलकरांचं बारसं

कॅडिसफ्लाय हा कीटक मुंबईत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तो चावत नाही आणि निवडणुकीला उभाही राहत नाही. त्याची अळी ओढ्यात दगडाखाली राहते, अंगातल्या रेशमाने वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते.

मृणालिनी खवणेकरने चौऱ्याऐंशी साली मुलुंडच्या डोंगरात अशी एक नवी जात शोधली. वर्णन लिहिलं, चित्रं काढली आणि सगळं मार्गदर्शक डॉ. चंद्रप्रकाश वालावलकर यांच्या हाती दिलं. सर फक्त पहिलं पान वाचत. त्यावरचं तिचं नाव त्यांना जरा जड वाटलं. पान नव्याने टाइप झालं, आणि छापून आलं तेव्हा जात सरांनी शोधलेली होती.

कांजूरमार्गच्या चाळीत तिची आई रुक्मिणी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "वालावलचो मां तो? रवळनाथाक गाऱ्हाणा घालतंय. वाटोळा होवंदे त्येचा."

"देवाला कशाला त्रास, आई? सरांची सवय आहे ना, ती पुरे."

दोन वर्षांनी तिला दुसरी जात सापडली. ही अळी घर बांधण्याच्या भानगडीतच पडत नव्हती. दुसरीच्या तयार घरात घुसायची, तिला ढकलून बाहेर काढायची आणि आत ऐटीत राहायची. मृणालिनीने हे सगळं बारकाईने लिहिलं आणि जातीचं नाव ठेवलं 'वालावलकरी'. शेवटच्या पानावर रीतीप्रमाणे खुलासा केला: 'डॉ. वालावलकर यांच्या अथक परिश्रमांच्या व निर्मळ चारित्र्याच्या गौरवार्थ.'

या शास्त्रात एक रीत आहे. नव्या जातीला गुरूचं नाव द्यावं, गावाचं द्यावं, अगदी सासूचंही चालतं. स्वतःचं देऊ नये. बंदी नाही, पण देणाऱ्याला लोक जन्मभर हसतात. आणि एकदा छापलेलं नाव केवळ लाज वाटते म्हणून बदलता येत नाही.

सर गहिवरले. "माझं नाव? अगं, कशाला उगाच."

"तुम्हालाच शोभतं, सर."

लेख त्यांनी घरी नेला. पहिलं पान वाचलं. मथळ्यातलं 'वालावलकरी' गोड वाटलं, खालचं 'मृणालिनी खवणेकर' जड वाटलं. पान पुन्हा टाइप झालं. नियतकालिकाचे संपादक सरांचे वर्गमित्र होते. ते पहिलं पानही वाचत नसत.

अंक आला त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. वनस्पतिशास्त्राच्या रामनाथ तुळसकरांना लेख शेवटपर्यंत वाचण्याची वाईट खोड होती. त्यांनी पेढा खाल्ला, अंक मिटला आणि चष्मा पुसला.

"चंदू, बाळ तुझं, नाव तुझं, निर्मळ चारित्र्यही तुझंच. मग आत्या कोण रे? कानात कुर्रसुद्धा तूच केलंस?"

कुणीतरी ठसकलं. पेढ्याने असेल.

तासाभरात सरांनी मृणालिनीला प्रयोगशाळेत गाठलं. "हे काय लिहून ठेवलंस तू?"

"मी, सर? माझं नाव कुठेय त्यात?"

सर स्टुलावर बसले. "बदलता येईल ना काही?"

"नाव नाही बदलत. खुलासा छापता येईल, लेख माझा होता म्हणून. मग तुम्ही स्वतःचं बारसं केलं नाही, हे सिद्ध होईल." तिने सूक्ष्मदर्शकाची काच पुसली. "फक्त लोक मग मागच्या लेखाचंही विचारतील."

सरांनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि चोर ठरण्यापेक्षा आत्या ठरणं पत्करलं. पुढच्या परिषदेत कुणीतरी मागच्या रांगेतून "आत्याबाई आल्या" म्हणालं. सरांनी त्या वर्षीपासून परिषदा सोडल्या.

तिसऱ्या जातीचा लेख मृणालिनीने त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा सर तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचत बसले. नंतर पहिल्या पानावरच्या नावाला हात न लावता परत दिला.

घरी आईने या खेपेला गाऱ्हाण्याचा नारळ आणून ठेवलाच होता. मृणालिनीने तो फोडायला घेतला.

"अगो, काम झाला तर आता कशाक?"

"चटणीक," मृणालिनी म्हणाली.

"होय म्हाराजा," आई गाऱ्हाण्याला साथ द्यावी तशा सुरात म्हणाली, आणि तिने खवणी पुढे सरकवली.