खिडक्या लावून घ्या

अर्ज विश्वकोशाने लिहिला होता (अभ्यासिकेत सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे), आणि सवयीप्रमाणे उत्तरपत्रिकेसारखाच लिहिला होता. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मग दोन्ही बाजूंचा विचार, शेवटी पुढील दिशा. प्रस्तावनेत जैवविविधतेचं महत्त्व होतं. मुद्द्यांमध्ये बगळ्यांचा कलकलाट, पाणकावळ्यांची घाण आणि वास. आणि पुढील दिशा अशी, की शाश्वत विकासाचा समतोल साधून अभ्यासिकेमागचं शिरीषाचं झाड तोडण्यात यावं.

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज वाटत नाही का रे? सकाळी पाणथळीतले पक्षी तूच शिकवलेस ना आम्हाला?"

"शिकवले. त्यांच्यावर प्रश्न येतो," तो शांतपणे म्हणाला. "या झाडावर येत नाही. सही कर."

मी केली नाही. बाकी सगळ्यांनी केली.

विश्वकोश म्हणजे आमच्या अभ्यासिकेचं दैवत. स्पर्धा परीक्षेत दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आलेला. पर्यावरण हा त्याचा हातखंडा विषय. नष्ट होत चाललेल्या प्राण्यांच्या नावांची पहिली अक्षरं जुळवून तो गमतीदार वाक्यं करायचा आणि आम्ही ती पाढ्यांसारखी घोकायचो. खिडकीबाहेर जिवंत पिल्लं घरट्यातून माना काढून ओरडायची, तेव्हा हाच कानात बोळे घालून बसायचा.

मला पक्ष्यांचं फार प्रेम होतं असं मुळीच नाही. माझी जागा खिडकीशी होती, माझ्या पुस्तकांवरही ते शिटले आहेत आणि मीही त्यांना शिव्या घातल्या आहेत. पण शिव्या घालणं वेगळं आणि अंड्यापिल्लांसकट घर उतरवणं वेगळं. एवढं कळायला पुस्तक लागत नाही.

अभ्यासिकेचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांना तर आयतंच मिळालं. मागच्या अंगणात त्यांना दुसरा हॉल बांधायचा होताच. अर्ज हातात पडताच ते खुशीत म्हणाले, "पोरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, झाडाचं काय एवढं?"

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "हे बघ बाई, डोकं खाली घाल आणि अभ्यास कर. वयाच्या हिशेबाने ही तुझी शेवटची संधी. उद्या पोलिसात नाव गेलं तर केलेलं सगळं पाण्यात."

चुकीचं नव्हतं तिचं. आम्हा परीक्षार्थींच्या जमातीला नापास होण्यापेक्षा एका गोष्टीची धास्ती जास्त असते. निवड झाल्यावर चारित्र्याची चौकशी होते, आणि तिथे नावाला डाग नको. म्हणून आम्ही मोर्चात जात नाही, भांडणात पडत नाही, रस्त्यात कुणी कुणाला बडवत असेल तर पलीकडच्या बाजूने चालायला लागतो. उद्या अधिकारी होऊन जगाला न्याय द्यायचाय ना, मग आज अंग चोरायचं. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

झाडावर करवत चालली ती नेमकी पर्यावरणाच्या सराव परीक्षेच्या दिवशी. आम्ही पेपर सोडवत होतो. मी ज्या प्रश्नावर होते तो असा: पक्ष्यांच्या विणीच्या वसाहतींच्या संरक्षणाबाबत पुढील विधाने विचारात घ्या. मी विचारात घेत होते तेवढ्यात बाहेर पहिली मोठी फांदी कोसळली आणि सगळं झाड एकदम किंचाळलं.

"खिडक्या लावून घ्या," पेपरवर देखरेख करणारा विश्वकोश म्हणाला.

आणि बाकीच्यांनी लावल्या. माना वर न करता. मी उठले.

"उठलीस तर पेपर जमा करावा लागेल."

"घे. सुरळी कर त्याची आणि घाल कानात. बोळे कमी पडत असतील तुला."

जिना उतरून मी मागच्या अंगणात गेले तर जमिनीवर पिल्लं पडली होती. काही मेलेली, काही नुसतीच चोच उघडून आ वासत होती, जणू आता कुणी खायला घालेल. अर्धं झाड गेलं होतं. मी सरळ बुंध्याला पाठ लावून बसले. करवतवाला थांबला आणि काकांकडे बघायला लागला.

"पोरी, तमाशा नको," काका म्हणाले. "माझ्याकडे परवानगीचा कागद आहे."

"दाखवा."

"तुला का दाखवू? पोलिसांनाच बोलावतो, थांब."

बोलावलं त्यांनीच. हवालदार आला, त्याने कागद उलटसुलट करून वाचला. "यात वाळलेल्या फांद्या छाटायच्या म्हटलंय. बुंधा कुठाय यात?"

"मुलांचा अर्ज आहे ना!"

"अर्जाने झाड पडतं होय?" हवालदार माझ्याकडे वळला. "पण काम थांबवायला तक्रार पाहिजे. तुम्ही काय करता?"

"परीक्षेचा अभ्यास."

त्याचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला. "मग ऐका माझं. तुमचं नाव घेतलं की हे उलटी तक्रार देणार, आवारात घुसून धिंगाणा केला म्हणून. माझी भाचीपण हीच परीक्षा देते. ती इथे असती तर मी तिला घरी पिटाळलं असतं."

"देणारच तक्रार," काका म्हणाले.

वर एक खिडकी किलकिली झाली. "वर ये!" विश्वकोश ओरडला. "वेडी आहेस का? शेवटची संधी आहे तुझी!" खरंच काळजी होती त्याच्या आवाजात. त्याचाच मला जास्त संताप आला.

"तुम्ही या खाली!" मी ओरडले. "तुमच्यातलं कुणीतरी या! सगळे मिळून आलो तर कुणाकुणाचं नाव घालतील?"

त्याच्या मागे चारदोन चेहरे दिसले. एक मुलगी अर्धी उठली, मग बसली. खिडकी लागली. आतून कडी घातलेली मला खालपर्यंत ऐकू आली.

भीती होतीच, खोटं कशाला सांगू. आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता. पायाशी एक पिल्लू अजून चोच उघडत होतं, आणि त्याला खायला घालण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं.

"लिहा," मी हवालदाराला म्हणाले आणि माझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.

त्याने एकवार माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मग करवतवाल्याला हाताने खूण केली. करवत जमिनीवर टेकली.

मग उरलेल्या अर्ध्या झाडावर कलकलाट सुरू झाला, आधी एका घरट्यातून, मग सगळीकडून, लावलेल्या खिडक्यांच्या आतही जाईल इतका.

करा म्हणावं आता अभ्यास.