कुसाकाबेच्या दारात थांबलेला रथ

गेंजिरो आजोबांची गाठ गेली, पण जाताना त्यांचं घराबाहेर पडणंही सोबत घेऊन गेली.

तसे ते ठणठणीत दिसत. गुदाशयाचा कॅन्सर, आधी किरणोपचार, मग ऑपरेशन, सगळं पार पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठीचा मागमूस नाही. पण गाठ जाळता जाळता किरणांनी आतली नाजूक जागाही होरपळवली होती. आता कळ आली की आली, थांब म्हटलं तरी थांबत नसे. जाऊन यावं तर पुन्हा, बसावं तर पुन्हा. आजोबांनी सार्वजनिक स्नानगृह सोडलं, धक्क्यावर गळ टाकून बसणं सोडलं, मुळ्याचं लोणचं सोडलं आणि ते मऊ भातावर आले. तपासणीच्या वेळी मात्र डॉक्टरांपुढे कमरेत वाकून एकच वाक्य: "आपल्या कृपेनं छान आहे."

"छान काय, आजोबा?" बाहेर आल्यावर नात कोनात्सु म्हणाली. "येताना प्रत्येक स्टेशनवर उतरलो आपण."

"ज्यानं जीव वाचवला त्याच्यापुढं संडासाचं रडगाणं गाऊ? लाज आहे मला थोडी."

मग शरदाचा उत्सव आला. गावचा रथ आजोबांच्या लाकडी चिपळ्यांवर चालायचा. दोन ठोके म्हणजे ओढा, एक ठोका म्हणजे थांबा. रथ ज्या दारात थांबेल तिथं बासरीवाले सलामीची धून वाजवणार, चिपळ्यावाला उतरून त्या घरी मान द्यायला आत जाणार, ही रीतच. यंदा आजोबांनी मंडळाला कळवून टाकलं, गुडघा दुखतोय, चिपळ्या मंडळातल्या हायासाकाला द्या.

कोनात्सुला यंदा पहिल्यांदाच रथावर बासरी वाजवायची होती, आणि तीही आजोबांच्या ठोक्यावर. ती सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"गुडघा दुखणारा माणूस दिवसभर असा पळत नाही."

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"आपण थांबतो त्या प्रत्येक घरात संडास आहे ना? तुम्ही मान द्यायला आत जाताच. जरा जास्त वेळ द्या मान."

आजोबा हसू दाबत म्हणाले, "आजीवर गेलीस तू." पण चिपळ्या त्यांनी देवघरातून काढून पुसायला घेतल्या.

उत्सवाच्या दिवशी आदल्या संध्याकाळपासून पोटात अन्न नसलेले आजोबा रथावर ताठ उभे होते. तांदूळवाल्याच्या दारी थांबले, साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानी थांबले, दोन्हीकडे मान अंमळ लांबला. कुणाला काही कळलं नाही. मग देवळाकडचा लांब रस्ता लागला. तिथं एकच घर होतं, कुसाकाबेचं. त्याच्या छपराची वळचण घासून एका वर्षी रथावरचा सोनेरी पक्षी मोडला होता, आणि कुसाकाबे वळचण कापायला तयार झाला नव्हता. तेव्हापासून त्याच्या दारावरून रथ मुकाट जायचा. बासऱ्यासुद्धा बंद.

त्या शांततेत कोनात्सुनं वर पाहिलं. आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. चिपळ्या घट्ट आवळलेल्या. तिला वाटलं, आता उडी मारून पळतील आणि पुन्हा कधी रथावर चढणार नाहीत.

खट्. एकच ठोका.

रथ थांबला. ओढणारे एकमेकांकडे बघू लागले. पण ठोका म्हणजे ठोका. सवयीनं बासऱ्यांनी सलामी धरली आणि कोनात्सुनं सगळ्यांत मोठ्यानं फुंकली. कुसाकाबे धडपडत दारात आला. घाईत कोट उलटा घातलेला.

"गेंजिरो, तू? माझ्या दारात?"

"आत येऊ?" एवढंच म्हणून आजोबा आत शिरलेसुद्धा.

धून संपली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा संपली. बासरीवाल्यांना दम लागला. आजोबा बाहेर आले तेव्हा कुसाकाबे दोन्ही हातांनी साकेचा प्याला धरून गुडघ्यांवर बसला होता. डोळे ओले. आजोबांनी प्याला नुसता घेतला असता तर सगळं निभावलं असतं. कोनात्सु मनात म्हणत होती, घ्या ना, आजोबा.

"ऊठ," आजोबा म्हणाले. आवाज ओढणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुला मान द्यायला नाही थांबलो. किरणांनी माझं पोट बिघडवलंय. दम धरवत नाही. तुझं दार जवळ होतं."

कुसाकाबेनं नाक पुसलं.

"वाटलंच मला. तू आणि मला मान देणार? उगाच कोट चढवला."

"तोही उलटा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कुसाकाबेनं खाली पाहिलं, कोट काढला आणि सुलटा करून पुन्हा घातला.

"किती दिवस चालायचं हे?"

"माहीत नाही. विचारलंच नाही कुणाला."

"मूर्ख आहेस. लहानपणापासून." प्याला त्यानं स्वतःच रिकामा केला. "रथ परत येताना दार उघडंच ठेवतो. वळचण मात्र कापणार नाही."

"कापू नकोस. जपून नेऊ."

आजोबा चढले. दोन ठोके. रथ हलला, आणि त्या रस्त्यावर यंदा बासऱ्या बंद झाल्या नाहीत.

पुढच्या तपासणीच्या सकाळी कोनात्सु पायांत बूट घालून तयार होती. आजोबांनी तिला दारातच अडवलं.

"आज तू शाळेत जा."

"का? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. डॉक्टरांना सगळं सांगणार आहे, अगदी सगळं," आजोबा छत्री उचलत म्हणाले. "ते तुझ्यासमोर सांगायला लाज वाटेल मला."