ताईला विचारून ये

आमचे पासपोर्ट गेल्याचं कळलं ते घरमालकिणीमुळे. रविवार होता. आम्ही खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालत होतो, तेवढ्यात एक म्हातारी बाई चाव्यांचा जुडगा घेऊन दारात उभी राहिली. तिनं एकावर एक रचलेल्या कॉट पाहिल्या, दोरीवरचे कपडे पाहिले आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. तिथली भाषा मला येत नव्हती. मास्तरांना थोडीफार येत होती.

मास्तर म्हणजे शिंपीमास्तर. आमच्या गावी माझ्या लाँड्रीच्या समोरच त्यांचं दुकान होतं. माझ्या बरंच आधी ते इकडे आले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, मी ही जागा एका कुटुंबाला दिली होती. नवरा, बायको आणि एक मूल. तुम्ही कोण?"

"सांगा तिला, मूल मोठं झालं," वरच्या कॉटवरून आमच्यातला ड्रायव्हर म्हणाला.

मास्तरांनी तिला हातवारे करत समजावलं. आम्ही लाँड्री कंपनीचे कामगार. कंपनीचा खोलीवाला आहे, तो आम्हाला खोली देतो आणि भाडं पगारातून कापून घेतो. जागेची नोंदणी करायची म्हणून आल्या दिवशीच त्यानं आमचे पासपोर्ट नेले, ते तुमच्याकडे असतील. बाईनं मान हलवली. तिनं एकही पासपोर्ट पाहिला नव्हता. तिच्या देशात भाड्याच्या नोंदणीला कोणी पासपोर्ट ठेवून घेत नाही, झेरॉक्स पुरते. तीही तिला कोणी दिली नव्हती. भाडं मात्र वेळेवर पोचत होतं, म्हणून ती इतके दिवस वर आली नव्हती.

मग ती कॉटच्या कडेवर बसली. आम्ही घाबरलो होतो तशी तीही घाबरलेली दिसली. जाताना तिनं मास्तरांना सांगितलं की बसस्टँडच्या मागे कामगारांच्या तक्रारींचं कार्यालय आहे. निळं दार. हे तिनं दोनदा सांगितलं.

"गेले पासपोर्ट," मास्तर म्हणाले. "मला वाटतच होतं."

"वाटत होतं तर बोलायचं होतं."

"कोणाला बोलू? तुम्हाला? तुम्ही माझाच व्हिडिओ बघून आलात."

ते खरं होतं. तालुक्याच्या गावातल्या एजंटनं मला त्याच्या फोनवर मास्तरांचा व्हिडिओ दाखवला होता. इस्त्रीचा शर्ट घालून मास्तर सांगत होते की काम हलकं आहे, राहायला खोली आहे, साहेब देवमाणूस आहे. परका कोणी बोलला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. मास्तरांना काय विचारायचं? वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानातल्या कपड्यांना मी इस्त्री केली होती. ओळखीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कागद मागणं बरं दिसत नाही, आपल्याकडे असंच असतं. मी कंपनीचा पत्ता विचारला नाही, खोली कोणाच्या नावावर आहे ते विचारलं नाही, करार कुठल्या भाषेत आहे तेही पाहिलं नाही. सही केली. तो शर्ट मास्तरांचा नव्हता, हे मला इथे आल्यावर कळलं. सुपरवायझरचा होता.

मी यायचं कारण वेगळं होतं. मास्तर इकडे आले आणि पुढच्याच महिन्यात माझी बायको वारली. तापाचं निमित्त झालं. लाँड्री आम्ही दोघं मिळून चालवायचो. हॉटेलांच्या चादरी असायच्या, आणि मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. आमचं निम्मं बोलणं त्यातच व्हायचं. ती गेल्यावर मी काही दिवस चादर टेबलावर पसरून घडी करून बघितली. जमत होतं, पण मी दुकान बंद केलं.

इथे आलो त्या दिवशी मास्तर दारातच भेटले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "वहिनी कशा आहेत?" प्रवासानं दमलो होतो. मी म्हणालो, "बरी आहे." मास्तरांचं गावात आता कोणी नव्हतं, त्यामुळे ते तसंच राहिलं. ते रोज विचारायचे, मी रोज बरी आहे म्हणायचो. खोलीतल्या इतरांनाही तेच माहीत झालं. माझा डबा सांडला की ड्रायव्हर म्हणायचा, "सांगू का वहिनींना?"

घरमालकीण येऊन गेली त्याच आठवड्यात सुपरवायझरनं मला ऑफिसात बोलावलं. सुपरवायझर आपल्याच भाषेचा, वयानं माझ्या मुलासारखा. मला काका म्हणायचा. आमचे फोन त्याच्या कपाटात असायचे. रविवारी त्याच्यासमोर बसून घरी बोलायचं, मग फोन परत कपाटात. बाजाराला जायचं तर तोच व्हॅनमधून न्यायचा आणि तोच मोजून परत आणायचा.

"काका, तुमचे मेहुणे आहेत ना? एजंट म्हणतो ते तयार आहेत. त्यांची बायकोसुद्धा येणार. तुमचा शब्द हवा म्हणतात फक्त."

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याची पिठाची गिरणी आहे, चांगली चालते. पण मी पुढे गेलो म्हणून त्याचाही जीव इकडे लागला होता. एजंटला द्यायला तो गिरणी विकणार होता. दोघं नवराबायको इथे आले असते तर त्यांचेही पासपोर्ट खोलीवाल्यानं नेले असते, आणि मागे परत जायला गिरणीही राहिली नसती.

"शब्द म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"एक छोटा व्हिडिओ. मास्तरांनी केला तसा. तुमचा पासपोर्ट मी स्वतः सोडवून आणतो."

"मास्तरांचा आणलात का?"

"काका, तुम्ही पण ना," तो म्हणाला आणि त्यानं कपाटातून तोच शर्ट काढला.

नाही म्हणालो असतो तर त्यानं मेहुण्याला सांगितलं असतं, दाजी कामात आहेत, खूश आहेत, तुम्ही या. मी बोललो नाही तर माझ्या वतीनं दुसरं कोणीतरी बोलणार होतं. मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत इस्त्रीच्या रोलरमधून चादरी येत होत्या आणि मी घड्या करत होतो. खरं सांगितलं तर ते पुसून टाकणार. खोटं सांगितलं तर मेहुणा येणार. असं खोटं हवं होतं की जे फक्त त्यालाच खोटं म्हणून कळेल.

शर्ट मला गळ्याशी घट्ट होत होता. सुपरवायझरनं फोन धरला. मी म्हणालो, "काम चांगलं आहे. खोली चांगली आहे. साहेब चांगले आहेत. पैसे घरी वेळेवर पोचतात, तुझ्या ताईला विचार. परवाच आमचं बोलणं झालं, ती खूश आहे. तू घाई करू नकोस. ताईला विचार, आणि ती हो म्हणाली तरच ये."

सुपरवायझरनं व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला.

"काकूंचं नाव घेतलंत ते झकास केलंत. घरच्या बाईचं नाव आलं की लोकांना खरं वाटतं," तो म्हणाला.

रविवारी मेहुण्याचा फोन आला. सुपरवायझर शेजारी बसून शेंगदाणे खात होता. फोन स्पीकरवर होता.

"दाजी, व्हिडिओ पाहिला."

"बरं."

मग तो म्हणाला, "ताईला विचारलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गिरणी विकू नकोस."

सुपरवायझरनं मला खूण केली, समजूत काढा. मी म्हणालो, "तिला म्हणावं, नीट विचार कर."

"केलाय तिनं. तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे. एकदा नाही म्हणाली की नाही."

"हो. तशीच आहे."

"दाजी, ती विचारत होती, तुम्ही कधी येताय?"

"बघू म्हणावं. आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, वेळेवर जेवत जा."

फोन ठेवल्यावर सुपरवायझर म्हणाला, "काकू कडक आहेत हो." मी हो म्हणालो.

मेहुणा वाचला. मला वाटलं विषय संपला. पण व्हिडिओ चांगला झाला होता, आणि चांगला माल कोणी वाया घालवत नाही. एजंटनं तो इतरांना दाखवायला सुरुवात केली. मेहुण्याला माझी बायको वारल्याचं माहीत होतं. एजंटला आणि बाहेरगावच्या लोकांना नव्हतं.

पुढच्या महिन्यात एक रंगारी आला. भिंती रंगवणारा, तिशीतला, अंगावर नवे बूट. मला बघून त्यानं बॅग खाली ठेवली आणि हात जोडले.

"काका, तुम्हीच ना व्हिडिओतले? माझ्या बायकोनं तो तीनदा पाहिला. म्हणाली, हा माणूस स्वतःच्या बायकोला विचारून ये म्हणतोय, हा फसवणार नाही. तेव्हा कुठे तिनं मंगळसूत्र काढून दिलं."

मास्तर माझ्याकडे बघत होते.

तो आला त्या दिवशी खोलीवाला गावाला गेला होता. पासपोर्ट उद्या घेऊ, असं सुपरवायझरनं त्याला सांगितलं आणि लगेच माझ्यासमोर चादरींच्या घडीला उभं केलं. रोलरचा आवाज इतका असतो की लांबून काही ऐकू येत नाही. जवळ आल्यावर तेवढं बोलता येतं.

पहिल्यांदा जवळ आलो तेव्हा मी म्हणालो, "पासपोर्ट देऊ नकोस."

तो लांब गेला. परत आला. "का? नोंदणी करायची आहे ना?"

"नोंदणी कसलीच नसते. आमचे गेले, परत मिळाले नाहीत."

चादर बदलली. तो चिडला होता. "मग व्हिडिओत चांगलं चांगलं का सांगितलंत? आणि काकू? त्यांना पैसे मिळतात म्हणालात."

"मिळत नाहीत."

"का?"

आम्ही टोकं जुळवत होतो. माझी बोटं त्याच्या बोटांना लागली.

"ती वारली," मी म्हणालो. "मी इकडे यायच्या आधीच. तो व्हिडिओ तिच्या भावासाठी होता. त्याला कळला. तुला कळायचं काही कारण नव्हतं."

त्यानं चादर सोडली. ती जमिनीवर पडली आणि परत धुवायला टाकावी लागली. माझ्या पाठीला लागूनच असलेल्या टेबलावर मास्तर उशांचे अभ्रे लावत होते. त्यांनी ऐकलं होतं.

दुपारच्या सुट्टीत मास्तर माझ्या शेजारी बसले. डबा उघडला नाही.

"केव्हा?"

"तुम्ही इकडे आलात, त्याच्या पुढच्या महिन्यात."

"आणि मी रोज विचारत होतो."

"विचारायचात ते बरं वाटायचं."

मग त्यांनी उठून रंगाऱ्याला बसस्टँड, त्याच्या मागचं कार्यालय आणि निळं दार, सगळं नीट समजावलं. तिथल्या भाषेतली चार वाक्यंही त्याच्याकडून घोकून घेतली. संध्याकाळी सुपरवायझर त्याला चादर-उशी घ्यायला बाजारात घेऊन गेला. मोजायला जास्त माणसं नव्हती, रंगारी एकटाच होता, म्हणून सुपरवायझर फोनवर बोलत मागे राहिला. रंगारी उशी घेऊन दुकानाच्या दुसऱ्या दारानं निघाला आणि चालत राहिला. पासपोर्ट त्याच्या बुटात होता.

कार्यालयाची माणसं दोन दिवसांनी आली. बरोबर रंगारी होता, आणि घरमालकीणही, चाव्यांसकट. साहेबानं त्यांना चहा दिला, यंत्रं दाखवली, कामगार सुट्टीवर आहेत म्हणाला. बाईनं खोलीचं दार उघडलं तेव्हा आम्ही आत बसलेलो होतो. बाहेरून कुलूप होतं.

आता आम्ही कार्यालयानं दिलेल्या एका हॉलमध्ये राहतो. सुपरवायझरची चौकशी चालू आहे. खोलीवाला गावाहून परत आलाच नाही, आणि पासपोर्ट त्याच्याकडेच आहेत. नवे मिळायला वेळ लागेल असं सांगतात. फोन मात्र आमच्याजवळ आहे. मी मेहुण्याशी बोललो. दोघंही ताईबद्दल काही बोललो नाही. एजंटनं नंबर बदलला आहे, पण दुकान तिथेच आहे, आणि माझा व्हिडिओ अजून फिरतो आहे. काल रंगाऱ्याच्या बायकोच्या मावसभावाला तो कोणीतरी पाठवला. पोरगा यायचं म्हणतोय.

मास्तर म्हणाले, "दुसरा व्हिडिओ करा. पहिला खोटा आहे एवढं सांगा."

"नुसतं खोटा म्हणून भागणार नाही. लोक म्हणतील, साहेबाशी भांडण झालं असेल."

"मग?"

"ती नाही, हे सांगावं लागेल."

मास्तरांनी त्यांचा स्वतःचा शर्ट धुऊन, इस्त्री करून मला दिला. आज सकाळी त्यांनी समोर फोन धरला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, कंपनीबद्दल सांगितलं. खोली कोणाच्या नावावर आहे ते आधी विचारा, पासपोर्ट कोणाच्याही हातात देऊ नका, ओळखीचा माणूस सांगत असला तरी त्याला कागद मागा, हे सगळं सांगितलं. तिच्यापर्यंत आलो आणि थांबलो. मास्तरांनी फोन खाली घेतला. दुपारी पुन्हा करू म्हणाले. दुपारीही तिथेच थांबलो.

तो व्हिडिओ अजून झालेला नाही.