उघडा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी धुनकी आहे. कापूस पिंजायचं लाकडी धनुष्यच म्हणा ना. घाटंजीच्या एका गादीच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. मी जात्याच भित्री. आतड्याची ताणलेली दोरी, म्हणजे तांत, अंगावर घेऊन जन्माला आले, थरथरणं माझ्या पाचवीलाच पुजलेलं.

माझे मालक रहमतभाई मला खांद्यावर टाकून गल्लोगल्ली, तांड्या-तांड्यावर हिंडायचे. पाटी नाही, जाहिरात नाही. माझ्या तांतीवर ठोके मारायचे, दोन आखूड, एक लांब. तेवढ्यावर बायका दारात येऊन म्हणायच्या, "रहमतभाई आले." तो आवाज हेच त्यांचं नाव. आणि गादी शिवताना ते एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवायचे. गिऱ्हाइकाने त्यात हात घालून कापूस बाहेर ओढून पाहायचा, मगच तो कोपरा त्याच्यासमोर शिवायचा. मला दर वेळी धडकी भरायची. काही वाईट निघालं तर? कधी निघालं नाही.

रहमतभाई गेले. विजेची मशीन आली आणि मी खिळ्यावर गेले. आता आपल्याला चुलीत घालतात की काय, या धास्तीत माझी वर्षं गेली. त्यांची बायको जमिला दुकान चालवायची. लेक नाजिया पुसदला शिकून परत आली आणि एक दिवस तिने मला खाली काढलं. मला वाटलं, भरली आपली. पण तिने मला पुसलं, तेल लावलं, समोर फोन उभा केला आणि बापाचा आवाज वाजवला. दोन आखूड, एक लांब.

'नाजिया गादीवाली' हे नाव हळूहळू फोनोफोनी झालं. नागपूर-पुण्याहून मागणी येऊ लागली. एक दिवस व्हिडिओ चुकला तर लोक विचारायचे, आज काय झालं? तापाने फणफणलेली पोरगीही सुरमा घालून फोनपुढे बसायची. कौतुक माझंही होत होतं, पण मला भीतीच वाटायची. रहमतभाई दमले की घरी येऊन झोपायचे. हे नवं नाव झोपतच नव्हतं.

मग बोंडअळीचं साल आलं. जिकडेतिकडे पिवळा, डागी कापूस. पांढरा औषधालाही मिळेना. तेव्हा देवीलाल नावाचा व्यापारी पॉलिस्टरच्या पांढऱ्याशुभ्र भराईची पोती घेऊन आला.

"हेच भरून टाक," तो म्हणाला. "फोनमधून कोन हात घालून पाह्यते?"

"अम्मी, डागी कापूस दाखवला तर लोकं सोडून जातीन," नाजिया आईला म्हणाली. "एवढं नाव कमावलं, सारं जाईन."

"अन् कोपरा?" जमिलाने विचारलं.

"या टाइमाले शिवून टाकतो."

तिने गादी भरली, चारही कोपरे शिवले, फोन चालू केला आणि माझ्या तांतीला हात घातला. रहमतभाईंचा आवाज आता खोट्या मालावर वाजणार होता.

तेवढ्यात तांड्यावरच्या रुक्माबाई दुकानात शिरल्या. रहमतभाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. लेक वर्षा हिच्या लग्नाची गादी घ्यायला तिलाच घेऊन आल्या होत्या. वर्षाला बाजूला बसवून त्यांनी गादीचे कोपरे एकेक करून चाचपले.

"पोरी, हात घालाचा कोपरा कुठं हाय?"

फोन चालूच होता. पलीकडे शेकडो माणसं पाहत होती. नाजियाचा हात माझ्या तांतीवर होता, घामाने ओला आणि गार पडलेला. माझ्यापेक्षा ती जास्त घाबरली होती, हे मला त्या हातावरून कळलं. फोन बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिने कात्री उचलली आणि कोपरा उसवला.

"घाला हात, मावशी."

रुक्माबाईंनी मूठभर भराई ओढली, बोटांत चोळली. "हा काई कापूस नाही व माय."

"नाही," नाजिया फोनकडे पाहून म्हणाली. "मी तुम्हाले फसवून राह्यली होती. औंदा खरा कापूस डागी हाय. ज्याले पाहिजे त्याले तोच भेटन."

मग व्हायचं तेच झालं. लोकांनी शिव्या लिहिल्या, चोर म्हटलं, मागण्या मागे घेतल्या. नाव कमवायला लागलेला वेळ मी पाहिला होता, जायला काहीच लागला नाही. फोन मुका झाला. नाजिया त्याच्याकडे पाहत बसून राहायची आणि जमिला जेवणाचं ताट तिच्यापुढे सरकवायची. मी म्हटलं, आता मात्र चूल.

पण रुक्माबाई पुन्हा आल्या. डोक्यावर गाठोडं, त्यात सरकी काढलेला कापूस. "आमच्याच वावरातला हाय. पिवळा हाय, पण आमचा हाय. पिंजून दे."

वीज गेलेली होती. जमिलाने मला खाली घेतलं. तांत जुनी, आता तुटते की मग तुटते, असं मला होत होतं. पण पिवळा कापूस पांढऱ्यासारखाच हलका होऊन वर उठला. नाजियाने तो गादीत भरला, एक कोपरा उघडा ठेवला आणि फोन पुन्हा समोर उभा केला. पाहायला मोजकीच माणसं होती. वर्षाने उघड्या कोपऱ्यात हात घातला, कापूस बाहेर काढून गालाला लावला आणि हसली.

मित्रांनो, उपदेश करायची माझी छाती नाही. अजूनही फोन वाजला की माझी तांत थरथरते. पण तुमचंही नाव आता फोनवर असतं, आणि नाव मोठं झालं की त्याचे चारही कोपरे शिवून टाकावेसे वाटतात. एक तेवढा उघडा ठेवा. कुणी आत हात घातला तर त्याच्या हाताला कापूस लागू द्या, मग तो पिवळा का असेना.