फायरपासूनचा सहावा शब्द

दिव्याच्या मॅडमनी ‘फायर’पासून सुरू होणारे सहा जोडशब्द अर्थासकट लिहून आणायला सांगितले होते, आणि पाचव्यावर गाडी अडली होती. पोरगी ओसरीत पालथी पडून पेन्सिल चावत होती. शेजारी तिची आई दुर्पता खराटा बांधत बसलेली.

“फायरवुड म्हणजे सरपण. फायरप्लेस म्हणजे भिंतीतली शेकोटी. आई, भिंतीत कोन शेकोटी करते व?”

“थंडीच्या मुलखातले करत असतीन. तू लिव्ह.”

“फायरफ्लाय म्हणजे काजवा. फायर ब्रिगेड म्हणजे आग विझवणारे. फायरवर्क्स म्हणजे फटाके. सहावा सांग ना.”

दुर्पताला दोन येत होते, पण ते गाईडात नव्हते. ते तिला नवऱ्याने, धनसिंगने, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रान दाखवता दाखवता शिकवले होते. फायर लाईन म्हणजे आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी. वणवा तिथवर येतो आणि खायला काही नाही म्हणून उपाशी मरतो. आणि फायर वॉचर म्हणजे तो स्वतः. दर उन्हाळ्यात वनखात्याच्या रोजीवर, गळ्यात शिट्टी, अंगात खाकी जॅकेट, डोळे धुराकडे.

मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी मोहाखालचा पाला पेटवला. पडलेली फुलं वेचताना दिसावीत म्हणून सारं गावच पेटवतं. ती आग रानात शिरली, आणि विझवता विझवता धनसिंगचा उजवा हात भाजला. बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. कोणी लावली, असं वनखात्याच्या हेमराज गार्डने विचारलं, तर म्हणाला, “दिसलं नाही.” दिसलं होतं. पण ज्यांच्यासंगं एका बोरिंगवर पाणी भरायचं, त्यांचं नाव कसं घ्यायचं? तेव्हापासून तो ओसरीच्या खांबाला टेकून बसायचा. त्याची जागा यंदा हेमराज गार्डने दुर्पताला दिली आणि वर बजावलं, “तुमच्या राखणीच्या टप्प्यात पुन्हा आग लागली, तर माझ्या हाती काही नाही.” घरात येणारी रोजी तेवढीच होती.

“फायर वॉचर लिव्ह,” दुर्पता म्हणाली.

“अर्थ?”

तिने धनसिंगकडे पाहिलं. त्याने तोंड फिरवलं.

“रानाले आग लागू नये म्हणून जागणारा.”

दिव्याने खुंटीवरच्या जॅकेटकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘जागणारी’.

त्यांची दोन मोहाची झाडं रानाच्या कडेला. जाळायचं नाही, म्हणून दुर्पता ड्युटीवर जायच्या आधी पहाटेच पाला झाडायची. झाडून सरकावं तर मागे पुन्हा तेवढाच पडलेला. घरी येऊन ती वाकली की सरळ व्हायला भिंत धरायची.

“कायले मरून राहिली?” धनसिंग एकदा चिडून म्हणाला. “एक काडी ओढ, मोकळं होते.”

“मी ओढू? मी?”

“गाव ओढतेच ना.”

“गावाच्या गळ्यात शिट्टी नाही,” ती म्हणाली, आणि खराटा घेऊन निघाली.

रविवारी ती टेकडीवर होती. खाली धूर दिसला. धूर त्यांच्याच झाडांकडून येत होता.

ती धावत पोचली तेव्हा धनसिंग डाव्या हातात हिरवी डहाळी घेऊन ज्वाळा झोडपत होता. दिव्या टोपली घेऊन लांब उभी, रडवेली. आग रानाच्या दिशेने पळाली होती, पण फायर लाईनला अडून बसली होती. उरलेली दोघांनी मिळून मारली.

“खराटा धरता येत नाही मले,” डहाळी टाकत धनसिंग म्हणाला. “काडी तर ओढता येते. म्हटलं, तुह्या पाठीले एक दिवस आराम. जरासाच पाला पेटवला होता व. वारा फिरला.”

तिला ओरडायचं होतं. पण त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

फोन वाजला. हेमराज गार्ड.

“दुर्पताबाई, मोबाईलवर सॅटेलाईटचा आगीचा मेसेज आला. तुमचाच टप्पा दाखवून राहिला. कोन लावली?”

धनसिंगने नकारार्थी मान हलवली, ओठांनीच सांगितलं, ‘दिसलं नाही म्हण.’ तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. हा हात गेला तेव्हाही ‘दिसलं नाही’च म्हटलं होतं, आणि गाव पेटवतच राहिलं होतं. आणि त्याचं नाव सांगावं, तर असला हात घेऊन तो कोर्टाच्या चकरा मारणार.

“विझली साहेब. रानात गेली नाही.”

“लावली कोन, ते विचारून राहिलो.”

“मी.”



“तुमी? जॅकेट घालून?”

“हो.”

“उद्या जॅकेट अन् शिट्टी आणून द्या. केसचं मंग पाहू.” फोन ठेवताना त्याचा आवाज चिडलेला नव्हता, नुसता थकलेला होता.

दिव्या हळूच जवळ आली.

“आई, मंग सहावा शब्द खोडू?”

धनसिंगच म्हणाला, “राहू दे. अर्थ बरोबर आहे.”

वरून मोह टपटपत होता. जळल्या काळ्या जमिनीवर फुलं लांबूनही स्वच्छ दिसत होती, गाव म्हणतं तशीच. दुर्पताने जॅकेट काढून डहाळीवर टांगलं, लेकीच्या हातची टोपली घेतली आणि गरम राखेतून एकेक फूल उचलायला लागली.