सतराव्या पानाचा समास

सौदा जमला असता तर घाईसाहेबांना मिळणार होती विक्रीप्रमुखाची खुर्ची, खिडकीकडेची खोली आणि सासऱ्यांसमोर ताठ बसायची सोय. ताईंना मिळणार होतं एकच पत्र, नोकरी कायम झाल्याचं. आणि मला? मला कोणीतरी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच माझी आशा.

मित्रांनो, मी बावीस पानांचा, कोपऱ्यात एक पिन सोसलेला जुना उतारा आहे. तुम्ही म्हणाल, कसला उतारा? सांगतो. मोठ्या कंपन्यांचे मालक दर तीन महिन्यांनी फोनवर बसतात आणि धंदा कसा चाललाय ते भागधारकांना सांगतात. आधी मालकाचं भाषण होतं. मग जाणकार लोक खोचून प्रश्न विचारतात आणि कंपनीच्या माणसांना उत्तरं द्यावी लागतात. हे बोलणं कोणीतरी शब्दन् शब्द उतरवून ठेवतं. तेच माझं शरीर. एका गोदाम-कंपनीच्या बैठकीतून मी जन्मलो आणि शीतगृहाची यंत्रं विकणाऱ्या कचेरीतल्या प्रिंटरने मला कागदावर आणलं. मी गरम असतानाच ताईंनी मला उचललं.

ज्या कंपनीला यंत्र विकायचं तिचा उतारा वाचायचा, तिला नेमकं कुठे दुखतंय ते हुडकायचं आणि विक्रीच्या माणसाला सांगायचं, हे ताईंचं काम. त्यांची एक रीत होती. त्या मला मागून वाचत. आधी प्रश्नोत्तरं, मग भाषण. म्हणत, "भाषण घरून शिवून आणतात. उत्तर अंगावरच बेतावं लागतं." कानाला हेडफोन लावून त्या बैठकीचं ध्वनिमुद्रणही ऐकत आणि बोलणारा अडखळला की माझ्या समासात पेन्सिलीने खूण करत. उतरवणाऱ्याने शब्द पकडले होते. गप्प बसणं ताईंनी पकडलं.

चौथ्या पानावर मालक ऐटीत म्हणाले होते की आम्ही विस्तार करणार, नवी शीतगृहं उभारणार. सतराव्या पानावर एकाने विचारलं, मग नवी यंत्रं कधी घेणार? त्यावर कंपनीचे हिशेबनीस म्हणाले होते की यंदा आहेत तीच यंत्रं दुरुस्त करून चालवू. ताईंनी शेजारी लिहिलं: 'उत्तराआधी चार सेकंद गप्प. नवं विकायला जाऊ नका. दुरुस्तीचा करार न्या.' त्या दिवशी मला वाटलं, आपण नुसता कागद नाही, आपण कामाचे आहोत.

आमच्या विक्रीच्या माणसाचं घाईसाहेब हे नाव कचेरीने ठेवलेलं. लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आत हे आत शिरत. त्यांनी माझी चार पानं वाचली, 'विस्तार' या शब्दाला पिवळा रंग फासला आणि मला बॅगेत कोंबलं. ताईंनी सतराव्या पानाचं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला बॅगेतून काढून ते पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

"ताई, खुद्द मालक म्हणतोय विस्तार करणार. मालकाला सोडून त्याच्या हिशेबनिसाचं ऐकू?"

दुरुस्तीच्या करारात खुर्ची नव्हती, ती नव्या यंत्रांतच होती. हे मात्र ते बोलले नाहीत.

मित्रांनो, न वाचल्याचा मला राग नाही. माझे कितीतरी भाऊबंद कोरेकरकरीत रद्दीत जातात. मला राग येतो तो न वाचता वाचल्याचा आव आणणाऱ्यांचा.

गोदाम-कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंच्या टेबलावर साहेबांनी मला पिवळं पान वर करून ठेवलं आणि नव्या यंत्रांचं गुऱ्हाळ सुरू केलं. बाईंनी मला हळूच ओढून घेतलं, पानं उलटली आणि सतराव्यावर थांबल्या. समास वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्याकडे एक आहेत. त्यांचं आपलं काहीबाही चालू असतं."

"त्यांना पाठवायचं होतंत," बाई म्हणाल्या. "दुरुस्तीचा करार आणला असतात तर आज इथेच ठरलं असतं. बाहेर दुसरे लोक बसलेत ना, ते तोच घेऊन आलेत."

निघताना साहेबांनी स्वागतकक्षातल्या मुलीकडे खोडरबर मागितलं. गाडीत बसून, मला मांडीवर ठेवून, त्यांनी ताईंचं एकेक अक्षर घासून काढलं. चार पानांपुढे न गेलेला हा माणूस सतराव्या पानावर चांगली दहा मिनिटं रमला. माझी साल निघाली. पण खोडण्यातही घाईच. शिसं गेलं, पेन्सिलीने पडलेले खळगे राहिले.

मग सौदा का हुकला हे विचारायला मोठ्या साहेबांनी दोघांना खोलीत बोलावलं, तेव्हा घाईसाहेब मान खाली घालून म्हणाले की नवं विकायला जाऊ नका असा इशारा ताईंनी दिलाच नव्हता. ताईंनी मला उघडलं. समास कोरा. त्यांना सगळं कळलं. त्या घाईसाहेबांकडे बघतही नव्हत्या. म्हणाल्या, "माझं लिहिलेलं राहू द्या, साहेब. छापलेलं तरी वाचा."

"बावीस पानं वाचायला मला वेळ असता," मोठे साहेब म्हणाले, "तर तुम्हाला ठेवलं कशाला असतं?"

माझ्या पोटात बावीस पानांचं बोलणं होतं आणि मी गप्प! तेव्हाचे चार सेकंद मोजायला कोणी नव्हतं.

महिनाअखेरीस ताईंनी खण रिकामा केला. मला खिडकीशी नेऊन त्यांनी सतरावं पान उजेडात तिरकं धरलं, खळग्यांवरून बोट फिरवलं आणि हसल्या. "खोडताना तरी वाचलं असेल," म्हणाल्या आणि मला टेबलावर ठेवून गेल्या.

पुढच्या तिमाहीत घाईसाहेबांना खिडकीकडेची खोली मिळालीच. तिथलं टेबल डुगडुगतं, म्हणून मी आता चार घड्या होऊन त्याच्या पायाखाली आहे. मित्रांनो, कागद जपू नका, हवं तर होड्या करा. पण ज्याने तुमच्यासाठी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, त्याचं लिहिलेलं कधी पुसू नका.

आता कोणाचं काय गेलं ते ऐका. कचेरीचा करार गेला. ताईंची नोकरी गेली. माझा समास गेला. घाईसाहेबांचं काय गेलं म्हणता? खोडरबरसुद्धा मागून आणलेलं होतं, आणि तेही त्यांनी परत केलेलं नाही.