पाठमोरी

जुनी चित्रं मी थुंकीने पुसते. हसू नका, आमच्या धंद्यातली रीतच आहे ती. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि तसूतसूने मळ काढायचा. दुसऱ्याची थुंकी झेलणं मात्र मला कधी जमलं नाही, म्हणून माझ्याच बाबांनी काढलेलं 'कालव्यावरचा पूल' हे चित्र संग्रहालयातून माझ्या टेबलावर यायला वीस वर्षं लागली.

आमच्या खिडकीतून दिसतो तो कालवा, दगडी पूल, पिवळी संध्याकाळ आणि पुलावर गाठोडं घेतलेली पाठमोरी बाई. ती बाई म्हणजे माझी आई. मी तीन वर्षांची असताना ती घर सोडून गेली. "एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही," असं बाबा सांगत. संग्रहालयाने चित्रावर पुस्तिका काढली होती. तिच्यात पूल म्हणजे तुटलेलं नातं (पूल चांगला धडधाकट आहे, पण असो), पिवळा प्रकाश म्हणजे मावळता विश्वास आणि पुलाच्या टोकाचा काळा ढिगारा म्हणजे नियती. आईचा चेहरा मला आठवत नव्हता, ती पाठ मात्र तोंडपाठ होती. चाळीस वर्षं मी त्या पाठीवर दात खाल्ले.

थुंकीने वरचा मळ निघाला, पिवळेपणा हलेना. वार्निश जुनं झालं की पिवळं पडतंच, पण हे तसं नव्हतं. त्यात कुणीतरी मुद्दाम तपकिरी रंग कालवला होता. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सगळी संध्याकाळ कापसावर आली. खाली सकाळ होती, गार आणि निळसर. नियती म्हणजे दुधाच्या कॅनची हातगाडी निघाली.

मग बाईच्या अंबाड्यावर बोळा ठेवला. अंबाडा विरघळला. त्याखाली कपाळ होतं, डोळे होते. आई आमच्या घराकडे तोंड करून उभी होती.

मी तडक बाबांकडे गेले. पंच्याऐंशीचे बाबा नेहमीसारखे खिडकीत बसले होते, समोर तोच पूल. मोबाइलवरचा फोटो त्यांच्या नाकासमोर धरला.

"निळा टिकलाय की अजून," ते खुशीत म्हणाले.

"बाबा, आई परत आली होती?"

"चार दिवसांनी. सकाळी सकाळी. बराच वेळ दार वाजवलं, मग पुलावर जाऊन उभी राहिली. माझा राग गेला नव्हता."

"आणि मी?"

"आतल्या खोलीत. रडून रडून डोकं उठवलं होतंस."

"मग सकाळची संध्याकाळ कशाला केलीत?"

"लोकांनी दहा प्रश्न विचारले असते."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. धरला नाही, एवढंच.

"दार का नाही उघडलंत?"

"अगं, प्रकाश काय सुरेख पडला होता तिच्यावर! तसा पुन्हा मिळत नाही, पोरी. ती हलायला लागली, म्हणून मी खिडकीतून हात केला, हलू नकोस म्हणून. तिला वाटलं, दार उघडायला येतोय. ऊन चढेपर्यंत थांबली."